लग्न नसलेली पत्रिका

पोरी, ये, अशी जवळ बस. आणि तो मोबाइल उलटा ठेव आधी. मावशी बोलते आहे आणि तुझं लक्ष त्या टिंगटिंगकडे, हे काही बरं नाही. त्या टिंगटिंगचीच एक घटना सांगते. पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर डोळ्यांपुढून हलत नाही ती ही साधी चौकशी. नावं कोणाची घेणार नाही.

तेव्हा मी अमरावतीत सायबरचं काम पाहत होते. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही, हाताखालच्या पोरांसमोर चुकत चुकत शिकले. दुपारी हवालदार मुद्देमालातल्या मोबाइलांना चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आत आलं. काकाजींचा सदरा कडक इस्त्रीचा, काकू नव्या साडीत, हातात आहेराची पिशवी. ठाण्यात लोक असे नटून येत नाहीत.

"अकोल्याहून लग्नाले आलो होतो," काकाजी म्हणाले. "तिथं लग्नच नाही. कपड्याचं दुकान आहे."

त्यांनी मेल दाखवली. वर गणपती, कोपऱ्यात हळदीकुंकू, 'आपल्याच घरचं मंगलकार्य, अगत्य यावे', आणि यजमान म्हणून काकाजींचंच आडनाव. पत्ता नांदगाव पेठच्या वाटेवरचा. नंतर कळलं, दुकानानं अशी सोय केली होती की ज्याला मेल जाईल त्याचंच आडनाव यजमान म्हणून उमटावं. म्हणजे माणूस हमखास उघडून पाहतो.

"पण काकाजी, निघण्याआधी फोन करून विचारायचं ना."

काकू बोलल्या, "कोनाले विचारतीन, बाई? यायचा सख्खा भाऊ अमरावतीत राह्यते. वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून भांडले, तवापासून बोलनं बंद. आमाले वाटलं, भाऊजीनं बोलावलं."

आमच्या वऱ्हाडात भावाभावांचा अबोला असाच तुटतो. माफी कोणी मागत नाही. घरी कार्य निघालं की पत्रिका जाते, समोरचा आहेर घेऊन येतो, पंगतीत बसतो, मामला मिटला. आलेलं बोलावणं खरं आहे का, असं उलट विचारलं तर जुळत आलेलं पुन्हा मोडायचं. म्हणून ते न विचारता निघाले होते.

मेलच्या खाली एका मुलीचं नाव होतं. काकाजींनी त्यावर बोट ठेवलं. "इच्यावर गुन्हा दाखल करा."

तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि मुलीला बोलावलं. ती तेल्हाऱ्याची, दुकानात मेल पाठवायच्या कामावर. बँकेच्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती.

"मॅडम, माह्या नावावर गुन्हा लागला तं नोकरी गेली समजा. मालकाले म्हनलं होतं मी, लोकायनं मेलचा पत्ता बिलासाठी देल्ला, असं बोलवाले नाही. तं म्हने, तुह्या खिशातून चालली काय मेल?"

पण हे झालं तिचं तोंडी सांगणं. मालक आला तो हात झटकत. "पोरीनं परस्पर केलं, मॅडम. मले तं त्यातलं समजतच नाही."

आता ओरडून उपयोग नव्हता. इतकी वर्षं माणसं समोर बसवली तर एवढं कळतं, की माणूस चूक लपवतो, पण आपली हुशारी दुसऱ्याच्या नावावर गेली की त्याला झोप येत नाही. चहा मागवला. मेल मोठ्यानं वाचली. म्हटलं, "काही म्हणा, पोरीचं डोकं मोठं. ही आडनावाची युक्ती एखाद्या मालकाला सुचली नसती."

मालक खुर्चीत सरसावला. "तिले काय सुचते? मजकूर माहा, आडनावाची आयडिया माही. पोरगी तं नाहीच म्हनत होती."

हवालदाराची लेखणी चालू होती. मालकाच्या ते उशिरा लक्षात आलं.

तरी तो खचला नाही. "बरं, पाठवल्या मेल. एवढ्यानं बेड्या घालसान काय? सारेच पाठवतात." नुसत्या जाहिरातीसाठी बेड्या पडत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. कायदा काढून भांडायची ताकद त्या दुपारी माझ्यात नव्हती. काकाजी-काकूंना आत बोलावलं आणि समोर बसवलं.

मुलगीच बोलली, हळू आवाजात. "मालक, यायले सांगा तुमी, लग्न कोनाचं होतं. म्या तुमाले हेच सांगून राहिली होती. ज्याच्या घरी मयत झाली त्याले गेली, जिची सोयरीक मोडली तिले गेली. आपल्याले काय माहीत, कोनाच्या घरी काय चालू आहे."

काकूंनी पिशवीतून आहेर काढून टेबलावर ठेवला. नवरीची साडी, दिराची टोपी, जावेसाठी खण. मालक त्या टोपीकडे पाहत राहिला. "बाप्पा," तो म्हणाला, "मले वाटलं नव्हतं, कोनी खरंच येईन."

मग त्यानं जबाब दिला. मजकूर माझा, मुलीनं माझ्या सांगण्यावरून पाठवला, आणि यापुढे ज्यानं मागितली नाही त्याला मेल जाणार नाही. काकाजींनी तक्रारीतून मुलीचं नाव काढायला सांगितलं. तिची पडताळणी स्वच्छ गेली.

जाताना मी काकाजींना म्हटलं, "भावाचं घर याच शहरात आहे. गाडीनं सोडते."

"बोलावनं नाही ना, मॅडम."

आहेर घेऊन दोघं अकोल्याच्या बसमध्ये बसले.

पुढे काही महिन्यांनी त्याच दुकानाची मेल मला आली, सेलची. मी कुठं मागितली होती? पण वर दुकानाचं नाव स्पष्ट होतं, गणपती नव्हता. माणूस समज दिल्यावर एवढाच सुधारतो, हे मी कधीच मान्य केलं आहे. शिकले ते वेगळं. तक्रार अर्जात 'काय गेलं' असा रकाना असतो. काकाजींचं काय गेलं ते मला तिथं लिहिता आलं नाही.

बरं, तू आता ऊठ, उन्हं उतरली. पण लवकर ये परत. आणि येताना भावाला सोबत आण. तुम्हा दोघांचं काय बिनसलं ते मी विचारणार नाही. त्याला सांग, मावशीनं बोलावलं आहे, खरोखरचं.