टिटवीचा कोपरा

तळेगावमागच्या माळावर प्लॉटिंगसाठी गवत जाळलंय. त्या धुराच्या वासानं मला वडगावजवळचं आमचं शेत आठवलं.

भात पेरायच्या आधी आम्ही राब भाजायचो, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर शेण आणि पाला पसरून पेटवायचो. एका वर्षी शेवटच्या कोपऱ्यात पाला टाकायला गेलो, तर तिथं टिटवी अंड्यांवर बसलेली.

"आबा, तिला जरा उठायला सांगा की," काकू म्हणाली.

"तूच सांग. घरात माझं कोण ऐकतंय, ती काय ऐकणार?"

काकू हसली. आबांनी कोपऱ्याजवळचा पाला मागं ओढला आणि मगच काडी लावली. टिटवी धुरात तशीच बसून राहिली.

तिची अंडी दगडासारखी दिसतात, म्हणून वाचतात. 'प्राणी जुळवून घेतात,' असं मी आमच्या पक्षीमित्र मंडळाच्या पत्रकात छापलंय. खोटं आहे ते. त्या दिवशी जुळवून आबांनी घेतलं होतं.

आज माळावर रोलरवाल्याला मी तेच पत्रक दिलं आणि तिथल्या टिटवीची अंडी दाखवली.

"कुटं हायेत, ताई? मला तर नुसती खडी दिसती," तो वरूनच म्हणाला.

टिटवी ओरडत होती. तो खाली उतरला नाही. रोलर गेल्यावर मलाही नुसती खडीच दिसली.