सिंधूताईचा हुंकारा

पुस्तकातल्या मुलीने धुक्याच्या पुलावर पाय ठेवला आणि सिंधूताईने हुंकारा दिला नाही.

मी थांबले. तेच वाक्य पुन्हा वाचलं. तरी "हूं" नाही.

आमच्याकडे गोष्ट ऐकताना एकाने "हूं, हूं" म्हणत राहायचं असतं. तो हुंकारा. हुंकारा थांबला की सांगणाऱ्यानेही थांबायचं. आणि ज्याने पहिल्या दिवशी तो धरला, त्यानेच गोष्ट संपेपर्यंत द्यायचा.

अमळनेरला आमच्या मालकीण अक्कांच्या गच्चीवर आम्ही बायका उन्हाळाभर बिबडी करतो. बिबडी म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवतात, त्याला घाटा म्हणतात. तो गरम असतानाच ओल्या कापडावर पातळ थापायचा. माझ्या हाताला फोड येतात, म्हणून माझ्याकडे पॅकिंगचं काम. पण सकाळी पॅकिंग नसतं. मी चौथी शिकलेली. अक्का म्हणाल्या, "त्या मोबाईलच्या गाण्यांनी डोकं उठतं. तू वाचत बस."

मला चारचौघींत बोलायला जमत नाही. पुस्तक तोंडासमोर धरलं की मात्र कुणी दिसत नाही.

पुस्तक अक्कांच्या सुनेने वाचनालयातून आणलेलं. नदीपलीकडे एक गाव असतं. तिथे झाडांना दिवे लागतात, पाऊस खालून वर जातो. तिथे जायचा पूल धुक्याचा. जो पलीकडे जाईल, तो आपलं घर विसरतो.

"झाडले दिवा लागतस? मंग लाइटबिल येस का नही?" कमल पहिल्या दिवशी म्हणाली. सगळ्या हसल्या. पण हळूहळू हसणं कमी झालं. पान उलटताना मी डोळे वर करायची, तर गच्चीभर वाफ, पांढरी कापडं, त्यांवर चंद्रासारखी गोल बिबडी, आणि थापणाऱ्या बायका कुठेतरी लांब गेलेल्या. हात तेवढे इथे.

"हूं म्हन ना वं सिंधू!" त्या दिवशी पुलापाशी वाचन अडलं तशी कमल ओरडली.

"म्हनाव नही."

"काबर?"

"मी हूं म्हनसू ते ती पूल उतरी जाई."

"मंग मी म्हनस."

"हुंकारा मन्हा शे."

ती असं का म्हणते, ते सगळ्यांना माहीत होतं. सिंधूताईला नवरा नाही, मनीषा ही एकच पोर. तिला नाशिकला नर्सिंगला जागा मिळाली होती. सोमवारी हजर झाली नाही तर जागा जाणार होती. सिंधूताई हो म्हणत नव्हती, नाही पण म्हणत नव्हती.

"अगं बायांनो, घाटा!" अक्का जिन्यातून ओरडत आल्या. घाटा निवून घट्ट झाला होता. तसा थापला तर बिबडी तडकतात. अक्कांनी कपाळावर हात मारला. दुपारी आम्ही तो तेल-तिखट घालून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वाचन नाही. गाणीही कुणी लावली नाहीत.

त्याच्या पुढच्या दिवशी मनीषा आईचा डबा घेऊन आली आणि माझ्याजवळ बसली.

"शोभामावशी, वाच ना. माझ्या कानावर आलंय सगळं."

"हुंकारा तुझ्या आईचा आहे."

"मी देते."

आम्ही सिंधूताईकडे पाहिलं. ती खाली मान घालून थापत होती.

"चालस वं," कमल म्हणाली. "एकच रगत शे."

मी वाचायला लागले. मनीषा "हूं" म्हणत गेली. तिचा आवाज बारीक होता, पण एकदाही चुकला नाही. पुस्तकातली मुलगी पूल उतरली. घर विसरली. फक्त दिवे लागायच्या वेळी चालता चालता मागे वळून बघायची. का, ते तिलाच कळत नव्हतं.

कमलने दंडाने डोळे पुसले, हात घाट्याने भरलेले होते. अनसूयाबाई चिडल्या. "लिखनारले माय नव्हती का?"

सिंधूताईने समोरची बिबडी थापून पुरी केली. मग म्हणाली, "तठे ती जेवस का?"

पुस्तकात तिथली एक म्हातारी तिला रोज सकाळी गरम पेज देते, असं होतं. मी मागचं पान काढून ते परत वाचून दाखवलं.

"पोटभर?"

"वाडगाभर लिहिलंय ताई."

"मंग जाऊ दे."

तिने कापडावर पाण्याचा हात फिरवला. मनीषाकडे न बघता विचारलं, "सोमवारनी गाडी कितीले शे?"

मनीषाने वेळ सांगितली. पुढचं "हूं" मात्र तिला लवकर जमलं नाही.

सोमवारी ती गेली. अक्कांनी तिला बिबड्यांचा पुडा बांधून दिला. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. सिंधूताई आधी काय खाल्लं ते विचारते, मग बाकीचं. पुस्तक संपलं, परत गेलं. शेवट बरोबर की चूक, यावर गच्चीवर अजून भांडणं होतात.

मी एवढंच शिकले. रडू येईलसं पान असेल, तर ते घाटा थापून झाल्यावर वाचावं.