पावतीवरची कोरी जागा

ते प्रकरण आजही जसेच्या तसे डोळ्यांसमोर येते. वाटूरच्या पुढे, जालना रस्त्यावर, पहाटे एका मोटारसायकलला चारचाकीने मागून उडवले. मोटारसायकलवरचा माणूस जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लांटवर कामाला होता आणि पहिल्या पाळीला निघाला होता. जागीच गेला. गाडी थांबली नाही. पंचनाम्यात मिळाला तो हेडलाइटचा चुरा आणि काळ्या प्लास्टिकचा वीतभर तुकडा. चाकाच्या वर आतल्या बाजूला जे अस्तर असते, त्याचा. तो घेऊन माझा हवालदार जालन्यातली गॅरेजे फिरला. हाती काही लागले नाही.

मयताची बायको दर बाजारच्या दिवशी ठाण्यात यायची. "साहेब, लागला का तपास?" एवढेच विचारायची आणि नाही म्हटले की मुकाट्याने परत जायची. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, म्हणून कोर्टात 'अ समरी' पाठवून प्रकरण बंद करायची तयारी मी सुरू केली होती.

सात महिन्यांनी गाड्यांचे पोचे काढणाऱ्या एका डेंटरचा हवालदाराला फोन आला. "जमादार, त्यो तुकडा हाय का अजून? एका गाडीला तेवढाच कमी हाय."

गाडी पांढरी, पाच माणसांच्या घराला पुरेल अशी. हेडलाइटमध्ये पाणी शिरते म्हणून परतूर तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी ती घेऊन आले होते. आम्ही तुकडा लावून पाहिला, तो बरोबर बसला. गाडी जप्त केली आणि गुरुजींना ठाण्यात आणले.

गाडी त्यांनी जुनी घेतलेली होती आणि कागदोपत्री अजून पहिल्या मालकाच्याच नावावर होती. हा मालक जालन्यातला ठेकेदार. बोलावताच फाइल घेऊन आला. त्यात ताबा पावती होती, दोघांच्या सह्यांची. तारीख अपघाताच्या चार दिवस आधीची.

"मी तर विकून मोकळा झाल्तो, साहेब," तो म्हणाला. "पुढं त्यांनी काय केलं, मला काय माहीत?"

कागद स्वच्छ होता, बोलणेही स्वच्छ होते. मी गुरुजींकडे वळलो.

"गाडी कधी घेतली?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी, साहेब."

"पावतीवर तर त्याच्या महिनाभर आधीची, अपघाताच्याही आधीची तारीख आहे."

"सही केली तव्हा तारखेची जागा कोरी होती. ते म्हणले, आरटीओचं काम झालं की टाकू." ते थांबले. "मी... मी काही म्हणलो न्हाई."

"शिकलेले आहात ना तुम्ही?"

"पहिलीच गाडी हाय, साहेब. आईला हप्त्यातून दोनदा डायलिसिसला जालन्याला न्यावं लागतं. घाईत होतो."

दुपारी त्यांच्या पत्नी आल्या. "आज आईंची डायलिसिसची पाळी हाय. यांना जाऊ द्या, मंग मला बसवा इथं पाहिजे तर." मी नकार दिला. त्या सासूला एसटीने घेऊन गेल्या.

संध्याकाळपर्यंत तेच प्रश्न मी चार वेळा विचारले. खोटे बोलणारा दर वेळी जास्त सफाईने बोलतो. गुरुजी चारही वेळा त्याच जागी अडखळले, कोऱ्या तारखेपाशी. लाज वाटल्यावर माणूस अडखळतो तसे. तेव्हा मला पहिल्यांदा त्या पावतीचीच शंका आली. त्यांना घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी डेंटरला बोलावून बंपर उतरवला. आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने एक नंबर आणि 'अर्जंट' असे लिहिलेले होते. डेंटरने अक्षर ओळखले. संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्याची ती पद्धत होती. त्याच्या बिलबुकात त्या नंबरच्या बिलाची स्थळप्रत, म्हणजे गॅरेजकडे राहिलेली नक्कल, मिळाली. बंपर, हेडलाइट, रंगकाम. तारीख अपघातानंतर तिसऱ्या दिवसाची, खाली ठेकेदाराची सही. बाहेरून दिसेल ते सगळे त्याने बदलले होते, आतले अस्तर तेवढे तसेच ठेवले होते.

स्थळप्रत पुढे ठेवली तेव्हा ठेकेदाराने आपली सही पाहिली. मग पाणी मागितले.

"थांबलो असतो तर पब्लिकनं मारलं असतं, साहेब."

"आणि पावतीवरची तारीख?"

"ती... नंतर टाकली."

त्याला अटक केली. बाजारच्या दिवशी मयताची बायको आली. मी तिला आरोपी सापडल्याचे सांगितले. इतक्या महिन्यांत ती ठाण्यात पहिल्यांदा खाली बसली.

न्यायालयाच्या आदेशाने गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गुरुजींना परत मिळाली, पण त्याला दोन महिने लागले. तोवर आईच्या खेपा एसटीनेच झाल्या. गाडी न्यायला आले तेव्हा सह्या करून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "साहेब, त्या माणसाला तुम्ही खुर्ची दिल्ती, चहा पाजला. मला दिवसभर बाकड्यावर बसवलं. असं का?"

नीट बोलणाऱ्या माणसाने आणलेला कागद मी खरा मानला होता. ती तारीख कोणी आणि कधी लिहिली, हा माझा पहिला प्रश्न असायला हवा होता. पुढे नोकरी संपेपर्यंत तो मी प्रत्येक कागदाला विचारला.

त्या दिवशी मात्र गुरुजींची माफी मागायला हवी होती. "यापुढे सही करताना नीट बघत जा," एवढेच मी म्हणालो, आणि त्यांनी मान हलवली.