नारळ फोडायचा मान

तेव्हा मी साठीची कोवळी पोर होते आणि वॉर्डाची महिला अध्यक्ष. निवडणूक तोंडावर, विचुंब्यात पक्षाचे दोन गट आणि पैसे जेमतेम एका प्रचारफेरीपुरते. गट जुळले नाहीत तर सीट जाणारच होती. फेरीचा नारळ कुणी फोडायचा, यावरून दोन्ही गटप्रमुख देवळासमोर भिडले.

"आमची माणसं घेऊन आमी चाललो," एक म्हणाला.

"जा, अडवलंय कोणी?" दुसरा म्हणाला.

माणसं खरंच निघाली, तशी मीच नारळ उचलून पायरीवर आपटला. टाळ्या पडतील, असं वाटलं होतं मला बावळटीला.

"मावशी, बाईमाणूस नारळ फोडतं काय?" दोघे एका सुरात कडाडले.

मला पदावरून काढा, अशी मागणी दोघांनी मिळूनच केली. मग प्रचारही मिळून केला. सीट आली, पद माझं गेलं ते गेलंच.