एक्सचेंजबाईंची सकाळची लाइन

प्रिय ग्रेस आणि आशिष,

तुम्ही दोघं दूर राहता, म्हणून एक्सचेंजबाईंचा चेहरा फारसा पाहिलेला नाही. त्यांचा कान मात्र तुमच्या ओळखीचा आहे. व्हिडिओ कॉल लावला तरी त्या फोन कानालाच धरायच्या, आणि तिकडे तुमच्या पडद्यावर कुडी घातलेला भलामोठा कान दिसायचा. तुम्ही हसायचात. आज त्या कानाबद्दल लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी आपल्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत ‘ऑनलाइन सेवाकार्य उभं केल्याबद्दल’ सेक्रेटरींना शाल दिली, टाळ्या झाल्या, आणि एक्सचेंजबाईंचं नाव एकदाही निघालं नाही. त्यांना जाऊन अजून वर्षही झालेलं नाही. मला राग आला आहे, आणि तो ओसरायच्या आत तुम्हाला खरं काय ते कळलं पाहिजे.

त्या रोह्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हाताने लाइन जोडून द्यावी लागे त्या काळातल्या. नोकरी संपून जमाना झाला, तरी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, जिथे त्या राहायच्या, त्यांचं नाव तेच राहिलं. कोणाचं लग्न मोडलं, कोणाकडे मयत झालं, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं. सख्ख्या भाचीचं जमलेलं स्थळ मोडल्याचं त्यांनी लाइनीवरच ऐकलं. तीन दिवसांनी बहीण रडत सांगायला आली, तेव्हा या म्हणाल्या, “काय सांगतेस! कधी गो?” बहिणीपुढेसुद्धा नाटक? असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “ऐकलेलं तारेत राहायला हवं. तोंडात आलं की लोक फोन करायचे थांबतील.”

लॉकडाउनमध्ये चर्चला कुलूप लागलं. आपली मंडळी ती केवढी! पेणपासून रोह्यापर्यंत विखुरलेली थोडीशी घरं. पाळकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि आठवड्यात तो फुलांच्या चित्रांनी आणि काढ्याच्या कृतींनी भरून गेला. एक्सचेंजबाई पाळकांना म्हणाल्या, “तो माझ्याकडे द्या.” मग त्यांनी एकूण एक माणूस ग्रुपमधून काढून टाकला! मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी केवढा आरडाओरडा केला. पण त्यांनी एकेकाला फोन लावला, घरातल्या प्रत्येकाची चौकशी केली, आणि मगच परत आत घेतलं. “ज्याचा आवाज ऐकला नाय, त्याच्यासमोर माणूस मनातलं बोलेल काय?”

सकाळी सात वाजता त्यांच्या आवाजात बायबलमधलं एक वचन यायचं आणि पाठोपाठ, “सलाम. लाइनीवर कोण कोण?” प्रत्येकाने बोलून हजेरी द्यायची, अंगठ्याचं चित्र चालत नसे. नऊपर्यंत ज्याचा आवाज नाही, त्याला फोन. नागोठण्यात एकटे राहणारे एक काका तापाने पडलेत, हे असंच कळलं आणि शेजारून त्यांना पेज पोहोचली. त्या काकांचा मुलगा मुंबईत होता; त्याला दोन दिवसांनी समजलं.

प्रार्थनेची विनंती मात्र ग्रुपवर करायची नाही, त्यांना फोनवर सांगायची. ग्रुपवर त्या एवढंच म्हणत, “आज एका घरासाठी.” रोह्याच्या एक आत्याबाई दर वेळी चिडायच्या, “कोणाचं घर ते तरी सांग गो!”

“नाव कशाला हवंय तुला? तू काय डाक्टर हायस?”

“नाव नाय तर प्रार्थना कशी पोचणार?”

“देवाकडे पत्ता हाय. तू नुसती कर.”

लोक हसायचे, पण सांगायचे. चर्चच्या बाकावर वर्षानुवर्षं शेजारी बसून जे बोलले नव्हते, ते एक्सचेंजबाईंना सांगायचे.

आता माझी चूक. लॉकडाउन उठल्यावर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस फोन घेण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आणि बजावलं, “बाई, ऐक. लिहू नको.” पण मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, न लिहिता काम झालं असं मला वाटतच नाही. मी यादी केली. अनुक्रमांक, नाव, गाव, कारण. सुवाच्य अक्षरात. पाळकांना प्रार्थनेला सोपं जावं म्हणून ती सेक्रेटरींकडे दिली. या गृहस्थांनी रविवारच्या लाइव्ह उपासनेत ती नावांसकट वाचून दाखवली आणि वर तिचा फोटो मंडळीच्या फेसबुक पेजवर लावला.

यादीत गडब गावच्या एका बाईचं नाव होतं. तुम्हालाही ते सांगणार नाही. तिच्या लेकीच्या संसारातली नाजूक गोष्ट होती, एवढं पुरे. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट लेकीच्या सासरी पोहोचली. बाई ग्रुपमधून गेली, चर्चला यायची थांबली. तिच्यामागून आणखी कितीतरी जण गप्प झाले. मी सेक्रेटरींना जाब विचारला, तर मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणतात, “बाई, खऱ्या गोष्टीनेच लोक जोडले जातात. बघा, किती जणांनी पाहिलंय!” पाहिलंय! एका आईची लाज निघाली आणि हा माणूस प्रेक्षक मोजत होता.

एक्सचेंजबाई डोळ्यावर हिरवा चष्मा लावून एसटीने गडबला आल्या. मी पेणहून गेले. बाईने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. “तुमच्यावर विश्वास ठेवला वो मी,” एवढंच म्हणाली. एक्सचेंजबाईंनी ना सेक्रेटरींचं नाव घेतलं, ना माझं. “माझ्या लाइनीवरून बाहेर गेलं. चूक माझी,” म्हणाल्या. यादी मी केली, हे तिथे उभ्या उभ्या मी बोलायला हवं होतं. नंतर एकटी जाऊन सांगून आले, पण तोवर महिना उलटला होता.

त्याच महिन्यात पंचांनी एक्सचेंजबाईंना ‘वयाचा विचार करून’ ग्रुपच्या कामातून मोकळं केलं. पंचांच्या सभेची वही मीच लिहिते, त्यामुळे तो ठरावसुद्धा माझ्याच सुवाच्य अक्षरात आहे. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सात वाजता गडबला फोन लावू लागल्या. तीनदा वाजू द्यायचा आणि ठेवायचा. मी म्हटलं, ती उचलत नाही, कशाला त्रास? तर म्हणाल्या, “नंबर बंद केलेला नाय तिने. लाइन चालू हाय.” पावसाळा गेला, भातं कापून झाली, आणि एका सकाळी तिने फोन उचलला. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. एक्सचेंजबाईंनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एक्सचेंजबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. गडबहून. “सलाम बाई. लाइनीवर हायत ना?”

मंडळीच्या त्या फेसबुक पेजवर आता सणांच्या शुभेच्छांशिवाय काही येत नाही. शाल सेक्रेटरींच्या कपाटात असेल. गडबचा फोन रोज सातला येतो. मग मी अष्टमीतल्या एका घरी लावते, तिथून नागोठण्याला जातो. लाइनीवर आता नऊ घरं आहेत. मी काहीही लिहून ठेवत नाही.