साडूभाऊंचा मास्तर

वस्तू कुठलीही असो, बिघडायच्या आधी ती एकदा खोकतेच, असा आमच्या साडूभाऊंचा ठाम विश्वास आहे. आणि तो खोकला ऐकण्यासाठीच आपला जन्म झालाय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही. राहतात चौसाळ्याला, नोकरी पुण्याच्या कंपनीत. कंपनीचे डेटाबेस क्लाउडवर, म्हणजे लांब कुठल्या तरी भाड्याच्या कंप्युटरांवर, आणि हे घरी पलंगावर मांडी घालून त्यांची नाडी बघत बसलेले. तिकडं काही बिनसलं की यांचा मोबाईल आपोआप ओरडतो. साधी घंटी त्यांना पटली नाही. "घंटीला काय कळतंय? माणसासारखं सांगितलं पायजे," म्हणून त्यांनी सगळे इशारे स्वतःच्या आवाजात भरून ठेवलेत. जागा भरत आली की "पोट फुगलं!", काम तुंबलं की "लई दम लागला!" एसटीत हा मोबाईल वाजला की शेजारचा प्रवासी जागा बदलतो.

घरातही तेच. पाण्याच्या टाकीपासून म्हशीच्या दुधापर्यंत प्रत्येकाला त्यांनी पिवळी आणि लाल हद्द आखून दिली आहे. मेहुणी बोलायची थांबली की "पिवळं झालं," असं माझ्या कानात सांगून ते मुकाट्यानं चहा टाकायला उठतात. पंगतीत बसले तरी नजर वाढप्याच्या बादलीवर. "वरण आत्ताच मागून घ्या, तिसऱ्या ओळीला संपतंय." आणि मेलं संपतंही तिथंच!

दाद दिली नाही ती फक्त सासऱ्यांनी. ते निवृत्त शिक्षक; गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आम्ही जावई मामा. साडूंच्या मागच्याच गल्लीत एकटे राहायचे. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा साडूभाऊंनी ठोके मोजून मोबाईलवर कळवणारं घड्याळ आणलं. "माझ्या काळजाची हजेरी घेता का, जावईबापू?" म्हणत मामांनी ते खुंटीला अडकवलं. तेव्हापासून साडूभाऊ साखर मागायच्या निमित्तानं दिवसातून चारदा डोकावू लागले.

अशात उमापूरला मामांच्या एका पुतणीचा साखरपुडा निघाला. मामा विश्रांतीसाठी घरीच राहिले. ओटी भरायला घेतली आणि साडूभाऊंचा मोबाईल त्यांच्याच आवाजात गरजला, "मास्तर गेला! मास्तर गेला!"

एकच हंबरडा फुटला. मुख्य डेटाबेसला कंपनीत मास्टर म्हणतात आणि साडूंच्या तोंडी त्याचा मास्तर झालाय, हे तिथं कुणाला माहीत! मामांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, रडता रडता सुनावलं, "आरं, गेले तरी म्हण की, सासरा हाय तुझा!" मामांचा फोन लागेना. दुपारी झोपताना ते तो बंदच ठेवत, पण त्या घडीला तोही पुरावा ठरला. साडूभाऊ लॅपटॉप घेऊन केव्हाच माझ्या गाडीत जाऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "रडू नका, घंटाभरात उभा करतो मास्तरला." आत्याबाई आणखीच रडू लागल्या.

पाच गाड्या निघाल्या. मांजरसुंब्याला साडूभाऊ "उठला!" म्हणून हसले आणि त्यांनी प्रथमच खिडकीबाहेर पाहिलं. "आपण कुठं निघालोय?" मी सांगितलं. घोटाळा त्यांच्या लगेच ध्यानात आला, पण मामांचा फोन लागत नाही हे ऐकून त्यांनी लॅपटॉप मिटून टाकला. चौसाळ्यात गाडी थांबायच्या आत उडी मारून ते पळाले. दार मामांनीच उघडलं. "साखर संपली का?"

साडूभाऊ ओट्यावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग कसंबसं समजावू लागले: मास्तर फळ्यावर लिहितो, मागची पोरं उतरवून घेतात, तसे त्या डेटाबेसच्या नकला असतात.

"मग मास्तर गेल्यावर शाळेचं काय होतंय?" मामांनी विचारलं.

"सगळ्यात पुढचं पोरगं फळ्यापाशी उभं राहतं, मामा. शाळा बंद पडत न्हाई."

मामांनी खुंटीकडे पाहिलं. मग मनगट पुढं करून म्हणाले, "आणा ते घड्याळ."

दोन वर्षं त्यांनी ते काढलं नाही. गेल्या हिवाळ्यात इशारा वेळेवर आला, साडूभाऊ धावत पोचलेही, पण उपाय उरला नव्हता. परवा चौसाळ्याला गेलो, तर साडूभाऊंच्या पडद्यावर डेटाबेसांच्या खाली मामांच्या ठोक्यांची ओळ अजून तशीच. मी म्हटलं, आता काढून टाका ती.

"कावून काढायची?" त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "वाचा ना काय लिहिलंय. 'माहिती मिळत नाही', एवढंच. गेले असं कुठं लिहिलंय?"