चिंधूचा कामगंध

घोटावड्याच्या वरच्या वाडीतला चिंधू बैलाशी दिवसभर गप्पा मारील, पण चार बायका समोर आल्या की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. लग्नात उखाणा घ्यायची पाळी आली, तेव्हा हा गडी पाणी पिऊन येतो म्हणून मांडवातून जो गेला, तो थेट जेवणाच्या पंगतीत सापडला. आणि अशा माणसावर भाषण करायची वेळ आली. देवाची करणी, दुसरं काय!

झालं असं, की वाडीतली सगळी वांगी अळीने पोखरलेली आणि चिंधूची मात्र आरशासारखी. कारण त्याने वावरात कामगंध सापळे टांगले होते. प्लॅस्टिकचा डबा, त्यात मादी पतंगाच्या वासाची इवलीशी कुपी, खाली साबणाचं पाणी. वासाला भुलून नर पतंग येतो आणि पाण्यात पडतो. नरच संपले की अळी येणार कुठून? हे त्याला कृषी सहायक पल्लवीताईंनी शिकवलं होतं. "आता तुम्हीच सगळ्यांना सांगा. शेजाऱ्याने सांगितलेलं लवकर पटतं," असं म्हणून त्यांनी सापळ्यांचं खोकं ठेवलं आणि त्या पौडला बैठकीला निघून गेल्या.

शेवग्याखाली वाडीतल्या बाया जमल्या. पुढेच बसली होती चिंधूची सासू आशालताबाई. तिचं वावर त्याच्या बांधाला लागून, आणि नवरा गेल्यापासून तिचा सगळा भार त्या वांग्यांवर. हे सगळं तिला समजणं सर्वांत गरजेचं, आणि नेमकं तिच्याच तोंडावर 'नर' आणि 'मादी' म्हणायचं! चिंधूला दरदरून घाम फुटला.

"कामगंध म्हंजी काय वो?" शेजारच्या उषाने विचारलं.

"कामाचा गंध," चिंधूच्या तोंडून निसटलं. "आळशाला... कामाचा वास लागतो. मग त्यो सुधारतो."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. बघता बघता खोकं रिकामं झालं. आपलं भाषण गाजलं म्हणून हा अकलेचा कांदा शीळ घालत घरी गेला.

उषाने सापळा नवऱ्याच्या, म्हणजे रामदासच्या खाटेवर टांगला. दुपारी दोरी सुटली आणि साबणाचं पाणी घोरणाऱ्या रामदासच्या तोंडावर. तो ताडकन उठला आणि डोळे चोळत गोठ्यातलं शेण काढायला लागला. "लई जालीम हाय गं!" उषाने वाडीभर सांगितलं. मग काय, घरोघरी खाटांवर डबे डोलू लागले. आशालताबाईच्या घरात नवरा नव्हता, म्हणून तिने आपला डबा जावयाच्या ओटीवर आणून बांधला. चिंधू तो रोज बघायचा, पण खरं सांगायला काही त्याची जीभ वळेना. वांग्यांत मात्र एकीनेही टांगला नाही.

महिन्याभराने सासूने वांग्यांची पाटी चिंधूपुढे ओतली. एकूण एक वांग्याला भोक. आपल्यामुळे हिची वांगी गेली, हे त्याला कळून चुकलं. त्याने पुन्हा सगळ्यांना शेवग्याखाली बोलावलं आणि डोळे गच्च मिटले.

"कामाचा न्हाई, त्यो मादीचा वास हाय! नर येतो अन् बुडून मरतो! आता मारा मला!"

कोणी मारलं नाही. "म्हंजी डब्यात मादी बसवलीया?" उषाने विचारलं.

"न्हाई. नुसता वास."

"नुसत्या वासावर येत्यात मुडदे?"

"व्हय."

बाया पोट धरधरून हसल्या. "अगं बया, मग आमच्या ह्यांच्या खाटेवरचा आधी काढते!" म्हणत उषा घराकडे पळाली.

हसली नाही ती एकटी आशालताबाई. पदर सावरून ती जावयासमोर येऊन उभी राहिली. चिंधूची मान आणखी खाली गेली.

"जावईबापू, चार लेकरं झाली मला. मला काय ठावं न्हाई व्हय ह्यातलं?" ती म्हणाली. "लाज तुमची राहिली, अन् वांगी माझी गेली."